आरपीओ : मान्य डेटाहानीची मर्यादा

आपत्तीत संगणक बंद पडला तर किती वेळाच्या नोंदी गेल्या तरी संस्थेला निभावून नेता येईल, याची आधीच ठरवलेली मर्यादा म्हणजे आरपीओ (रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह). ती वेळेत मोजतात आणि आपत्तीच्या क्षणापासून मागे मोजतात. आरपीओ चार तासांचा असेल आणि सर्व्हर दुपारी तीनला गेला, तर निदान अकरापर्यंतच्या नोंदी परत मिळाल्याच पाहिजेत. काम पुन्हा सुरू व्हायला किती वेळ चालेल हा प्रश्न वेगळा. त्या मर्यादेला आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह) म्हणतात. "दोन तासांत सगळं चालू करून देतो" म्हणणारा विक्रेता किती नोंदी परत येतील याबद्दल काहीच बोललेला नसतो.

हा आकडा आयटीवाल्यावर सोपवण्याची रीत आहे, पण तो त्याचा विषय नाही. गेलेली नोंद दुसरीकडून पुन्हा उभी करता येते का आणि ते काम कोण करणार, यावर आकडा ठरतो. गावच्या दूध संस्थेत लिटर, फॅट आणि दर छापलेली पावती उत्पादकाच्या हाती जाते. एका वेळचे संकलन संगणकातून गेले, तर पावत्या गोळा करून रजिस्टर भरता येते. मात्र बिल निघायच्या तोंडावर नऊ दिवसांचे गेले, तर तोवर निम्म्या पावत्या खिशात भिजलेल्या किंवा चुलीत गेलेल्या असतात. पतसंस्थेत पिग्मीची रक्कम एजंटाच्या मशीनमध्येही असते आणि पैसे काढल्याची सहीची स्लिप दप्तरात असते. आरटीजीएसने बाहेर गेलेल्या रकमेची दुसरी बाजू मात्र परक्या बँकेत असते. तिथे दहा मिनिटांची हानीही ताळमेळ लावताना दमवते. म्हणून एकाच संस्थेत कामागणिक आरपीओ वेगळा ठेवतात.

रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयटी कारभारविषयक निर्देशांत महत्त्वाच्या प्रणालींसाठी जवळजवळ शून्य आरपीओ अपेक्षित आहे. तो शून्य नसेल तर गेलेल्या नोंदींचा ताळमेळ कसा लावणार, हे लेखी हवे. पतसंस्थांना हे निर्देश लागू नाहीत, पण ही दुसरी अट त्यांनी उचलण्यासारखी आहे.

रोज रात्री बॅकअप, म्हणजे फार तर एका दिवसाचे नुकसान, हा सर्रास केला जाणारा हिशेब बहुधा चुकतो. समजा, सांगलीतल्या हरभट रोडवरच्या कार्यालयात रात्री दहाला हार्ड डिस्कवर बॅकअप उतरतो आणि ती डिस्क दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला विश्रामबागच्या शाखेत जाते. बुधवारी संध्याकाळी पाचला आग लागली, तर मंगळवारची डिस्क अजून टेबलाच्या खणातच आहे. बाहेर पोचलेली शेवटची प्रत सोमवारी रात्री दहाची. नुकसान ४३ तासांचे.

कृष्णेचा पूर मात्र सांगून येतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तर जुलै २०२१ मध्ये ५५ फुटांच्या आसपास. आपल्या गल्लीत किती फुटांना पाणी शिरते हे सांगलीकराला पाठ असते. आराखड्यात तोच आकडा घालावा. त्या पातळीच्या बऱ्याच आधी काउंटर बंद करून शेवटची प्रत शहराबाहेर पाठवली, तर पुरापुरता आरपीओ जवळपास खर्चाविना शून्यावर येतो. बाहेर म्हणजे कुठे, हे जपून ठरवावे. कोल्हापूर हाताशी आहे, पण दोन्ही वर्षी पंचगंगेने त्यालाही त्याच दिवसांत वेढले होते आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. पुणे किंवा क्लाउड बरा.

आग, डिस्क बिघाड आणि रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) अशी सवड देत नाहीत. तिथे शून्य आरपीओ हवा असेल, तर व्यवहार इथल्या आणि दूरच्या सर्व्हरवर, दोन्ही ठिकाणी लिहिला गेल्यावरच पूर्ण झाला असे धरावे लागते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सांगली-पुणे सव्वादोनशे किलोमीटर धरले, तर जाऊन यायला सव्वादोन मिलिसेकंद लागतात. काउंटरवर ते जाणवतही नाहीत. दुखणे वेगळेच आहे: लाइन तुटली की व्यवहार अडतात, किंवा प्रणाली गुपचूप 'नंतर पाठवू' या पद्धतीवर उतरते आणि शून्य कागदावरच राहते. शिवाय अशी जुळी प्रत आंधळी असते. चुकून पुसलेले खाते किंवा रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेली फाइल तितक्याच तत्परतेने पलीकडे पोचते. त्यामुळे जुळ्या प्रतीच्या जोडीला जुन्या तारखांच्या, नेटवर्कपासून तोडून ठेवलेल्या प्रतीही लागतात.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर सेवेच्या कर्मचाऱ्याकडून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. नेहमीचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्तीच्या घोळामुळे निघतच नव्हता आणि त्याच्या अपयशाचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. कामी आली ती सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी हाताने काढलेली प्रत. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, एक प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून तिच्यातली शेवटची नोंद किती वाजताची आहे हे पाहिले, की संस्थेचा खरा आरपीओ कळतो.