मजकूर देवनागरीतच का मागतो? (आमच्या ग्राहकांसाठी)

तुळशीचे लग्न लागले की माझ्या फोनला उसंत नसते. लग्नपत्रिका, जत्रेच्या पत्रिका, नाटकांची पोस्टर, काजूच्या पाकिटांची लेबले, सगळे डिझाइनला एकदम येते आणि दर दुसऱ्या कामात तोच वाद होतो. मी म्हणतो, "मजकूर मराठीत लिहून पाठवा." तिकडून उत्तर, "पाठवला ना कालच व्हॉट्सॲपवर!" पाठवलेला असतो हे खरे, पण इंग्रजी अक्षरांत. दरवेळी नव्याने समजावत बसण्यापेक्षा एकदा छापून ठेवावे, म्हणून हा कागद. प्रत्येक कामासोबत देतो आहे. टाकून देऊ नका, लग्नसराईत पुन्हा लागेल.

इंग्रजीतले के-ए-एल-ए घ्या. वाचणाऱ्याने कला वाचावे, काला वाचावे की काळा? काही वर्षांपूर्वी एका गावच्या देवस्थानचे काम आले होते. मजकूर रोमन अक्षरांत, रात्री उशिरा आलेला, आणि फ्लेक्स दुसऱ्या दिवशी हवा. मी कालोत्सवाचा कलोत्सव केला. समितीने प्रूफ पाहिले, देवीच्या फोटोभोवतीची महिरप आवडली, अंगठ्याचे चित्र पाठवून दिले. फ्लेक्स तिठ्यावर चढला आणि लोक विचारू लागले, यंदा गायक कोण येणार? दहीकाल्याला गायक कुठून आणायचा! वाचणारे सात जण होते, पण सगळ्यांनी रंग पाहिला, अक्षरे कोणी पाहिली नाहीत. तरी चूक माझीच होती. फ्लेक्स माझ्या खर्चाने पुन्हा छापला आणि त्या दिवसापासून रोमनमधला मजकूर घेणे बंद केले. तेव्हा हा नियम मी हौसेने केलेला नाही.

आपल्याकडे गोव्यात ही अडचण बाहेरच्यापेक्षा दुप्पट आहे, कारण आपल्या गावांची इंग्रजी स्पेलिंगे पोर्तुगिजांच्या कानाने लिहिलेली. ती जशीच्या तशी उतरवली तर डिचोलीचे बिचोलिम होते, साखळीचे सांकेलिम, केप्याचे क्वेपेम, पेडण्याचे पेर्नेम. ही मोठी गावे मला पाठ आहेत, तिथे चूक होणार नाही. पण वाड्यांची नावे? कुळागरांची? कवळे, पिळगाव, मुळगाव यांतला ळ इंग्रजीत दिसतच नाही. माझे आयुष्य फोंड्यात गेले म्हणून कवळ्याचे कवले मी करणार नाही, पण तुमच्या मामाच्या वाड्याचे नाव ‘ल’ने लिहायचे की ‘ळ’ने, हे मला कोण सांगणार?

आडनावांचे तर विचारूच नका. जुन्या कागदांवर कामतांचे कामोतिम असते, केण्यांचे केनिम, शेणव्यांचे सिनाय. पोरोबो म्हणजे परब की प्रभू, हे घरच्यांनीच सांगायचे. पत्रिकेत वराच्या आत्याचे सासर चुकले तर आत्या वराला बोलत नाही, वराच्या आईला बोलते, आणि वराची आई मला फोन करते.

एक गंमत सांगतो. हिंदुस्थानातला पहिला छापखाना आपल्याच भूमीवर, जुन्या गोव्यात, १५५६ साली सुरू झाला. पुढे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण रायतूरला छापले गेले. भाषा मराठी, ओव्या मराठी, पण अक्षरे रोमन, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. त्या पाद्रीबाबांची अडचण मी समजू शकतो. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये मात्र देवनागरी आहे.

"तुम्हाला मराठी येते ना, मग तुम्हीच टाइप करा की!" हेही ऐकतो. येते. पण मी टाइप करतो तेव्हा माझ्या समजुतीने करतो, आणि तुम्ही प्रूफ पाहता तेव्हा तुमच्या डोक्यातले नाव त्यावर वाचता, छापलेले नाही. म्हणून चूक दोघांच्याही हातून निसटते. एका लग्नपत्रिकेत चाळीसेक नावे सहज असतात. ती रोमनमधून उतरवून, शंका फोनवर विचारून, काका कामावर आहेत म्हणून संध्याकाळपर्यंत थांबून माझा अख्खा दिवस जातो. तो दिवस मी डिझाइनला दिला तर पत्रिका देखणी होते. टाइपिंगचे पैसे मागितले की ग्राहक नाराज होतो आणि नाही मागितले तर मी.

तर मजकूर कसा द्यायचा? फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड जोडा. घरात कॉलेजात जाणारे कोणी असेल तर दोन मिनिटांत करून देईल. टाइप करायचा कंटाळा असेल तर माइकचे चिन्ह दाबून बोला, फोन लिहून घेतो, फक्त नंतर एकदा वाचून पाहा. तेही नको असेल तर वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहा आणि उजेडात फोटो काढून पाठवा. हाताने लिहिलेले चालते, अगदी आनंदाने चालते. आजी-आजोबांनी माझ्याकडे येऊन समोर बसून सांगितले तरी मी उतरवून घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. (आजींकडून आलेली पत्रिका सहसा बिनचूक असते. कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे त्यांना पक्के ठाऊक असते.) फक्त इंग्रजी अक्षरांतला मराठी मजकूर आणि सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज, हे दोन प्रकार नकोत.

टाइप करताना एका जागी सांभाळा, ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांत. आचार्यांना म्हणजे गुरुजनांना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. फोन बऱ्याचदा आपल्या मनाने यातला एक निवडतो. पत्रिकेत कोकणी ओळ असेल, म्हणजे शेवटी ‘देव बरें करूं’ वगैरे, तर त्यावरचे अनुस्वार ठेवा, मी ते काढणार नाही. रोमी कोंकणीतली कामेही मी करतो. तिथे रोमन अक्षरेच हवीत, त्याला हा नियम अर्थातच नाही.

देवस्थानच्या मंडळींना एक विनंती. गेल्या दहा वर्षांची तीच पेजमेकरची फाइल पाठवू नका. जुन्या फॉन्टमधला मजकूर माझ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी रांगोळी दिसते. मागच्या वर्षीची छापील पत्रिका हातात आणून द्या, ते सोपे. बदललेली मिती, वार आणि पालखीची वेळ मात्र पंचांग पाहून तुम्हीच लिहा.

फोटो आणि लोगो पाठवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला तर व्हॉट्सॲप तो आवळते आणि छपाईत तो धुरकट दिसतो. लेबलांसाठी वजन, किंमत, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी क्रमांक कागदावरून पाहून द्या, आठवणीतून नको.

आता पैशांचे. "फॉन्ट तर फुकट मिळतात, मग एवढे कसले?" असे एकांनी तोंडावर विचारले. बरोबर आहे, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेले मुक्ता आणि बलू हे उत्तम फॉन्ट फुकट आहेत, मीही वापरतो. पण बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येत नाहीत, हिंदीच्या वळणाचे येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श निवडावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची मांडणी चालू केलेली नसेल तर चि. मधली वेलांटी च च्या मागे जाऊन बसते. मथळ्यातली जोडाक्षरे मी बहुतेक वेळा हाताने रेखाटतो. शांतादुर्गा या नावातला रफार कुठे बसतो त्यावर सगळी ओळ उभी राहते. पैसे त्याचे असतात. मजकूर देवनागरीत आला तर तीन दुरुस्त्या बिलातच धरलेल्या आहेत. प्रूफला होकार देताना ‘ओके’ किंवा अंगठा नको, "सर्व नावे वाचली" एवढे तीन शब्द लिहून पाठवा. ते आल्याशिवाय मी फाइल छापखान्यात पाठवत नाही, मग मुहूर्त कितीही जवळ असो.

हंगाम संपला की पावसाळ्यात मी माझे उद्योग करतो. देवळांच्या भिंतींवरची कावी पाहून अक्षरे काढतो. मूळ कलेत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर देऊन तो कोरतात, मग खालचा पांढरा उघडा पडतो. मी तेच दोन रंग कागदावर वापरतो. गेल्या चतुर्थीला माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या, फळाफुलांचा नावांसकट तक्ता केला, थोड्या प्रती शिल्लक आहेत. कावीचा हा हात आता पत्रिकांतही वापरू लागलो आहे. हवा असेल तर नमुने पाहायला या, नेहमीच्या सोनेरी गणपतीपेक्षा वेगळे दिसते.

सध्या घरांच्या पाट्या करतो आहे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत निळ्या आझुलेज, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या, टाइल्स आहेत ना, त्याच निळ्या रंगात, पण अक्षरे देवनागरी. टाइल हाताने रंगवून भट्टीत भाजतो, त्यामुळे नंतर काना वाढवता येत नाही की वेलांटी खोडता येत नाही. परवा एकांनी घराचे नाव पाठवले, के-ए-एम-ए-एल. कमल, कमळ की कमाल, याचे उत्तर अजून आलेले नाही आणि त्यांची टाइल माझ्या टेबलावर कोरीच पडून आहे.