हाडांच्या डॉक्टरांचा सल्ला, गावातल्याच दवाखान्यात
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

डभोई ते बडोदा साधारण ३० किलोमीटर. धडधाकट माणसाला हे अंतर काहीच नाही. पण मांडीपर्यंत प्लास्टर असलेल्या आजींना रिक्षात चढवायचं, पाय आडवा ठेवायला जागा करायची, दोन तास रांगेत बसायचं आणि शेवटी डॉक्टर म्हणणार, "छान जुळतंय, तीन आठवड्यांनी या." असल्या खेपा वाचाव्यात, एवढ्यासाठी व्हिडिओवरून सल्ल्याची आमची ही सेवा आहे.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या केंद्रात आम्ही कमरेचे पट्टे, स्प्लिंट, वॉकर देतो. त्याच्या जोडीला गावातला दवाखाना आणि बडोद्यातले हाडांचे डॉक्टर यांची व्हिडिओवर गाठ घालून देतो. तुमच्या आरोग्य केंद्रात सरकारची ई-संजीवनी (व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला) चालू असेल, तर आधी तिथे विचारा. २०१९ पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे.

व्हिडिओवरून डॉक्टरांना हात लावता येत नाही, म्हणून सिस्टरांचा हात फार मोलाचा. घोटा मुरगळला असेल तर डॉक्टर सांगतील तशा त्या घोट्याच्या हाडाची मागची कड खालच्या टोकापासून सहा सेंटिमीटर वरपर्यंत अंगठ्याने दाबून बघतात. मग पावलाची बाहेरची कड, करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाशी. मग आतली बाजू. शेवटी चार पावलं चालायला लावतात. मोठ्या माणसाला हाडावर दाबून दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर सहसा एक्स-रे लागत नाही. आजींनी कुठे दुखतं ते मराठीतच सांगावं. पुढे गुजरातीत सांगायला कुणीतरी असतंच.

डॉक्टरांना पाठवायला एक्स-रेच्या फिल्मचा मोबाइलवर फोटो मात्र मन लावून काढा. एकदा आमच्याच हातून फ्लॅश चालू राहिला आणि पांढरा डाग नेमका मोडलेल्या जागेवर पडला. त्या गृहस्थांना फिल्म घेऊन पुन्हा दवाखान्यात यावं लागलं, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावा, खोलीतला दिवा मालवा, फ्लॅश बंद करा, मोबाइल सरळ धरा. समोरून आणि बाजूने, दोन्ही फिल्म हव्यात. नाव आणि तारीख दिसली पाहिजे.

काही वेळा मात्र आम्हाला फोन न करता थेट मोठं हॉस्पिटल गाठा: हाड कातडीबाहेर आलंय, पडल्यावर म्हाताऱ्या माणसाचा पाय आखूड होऊन बाहेर वळलाय, कंबरदुखीबरोबर लघवी अडली आहे किंवा बसायची जागा बधिर झाली आहे. प्लास्टरनंतर बोटं निळी पडली, मुंग्या आल्या किंवा बोट सरळ करताना जीव कळवळला, तर रात्र काढू नका. आणि मुलाचा कोपर सुजला असेल तर कृपा करून हाडवैद्याकडून चोळून घेऊ नका.

व्हिडिओवरून सल्ल्यासाठीच्या २५ मार्च २०२० च्या सरकारी नियमांप्रमाणे औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो बघून घ्या. मादक गटातली वेदनाशामकं व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत, तेव्हा त्यासाठी आग्रह धरू नका.

येताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. गुडघा दाखवायचा असेल तर सैल लेंगा किंवा सहज वर घेता येईल अशी साडी असू द्या. खुर्ची बिनहाताची ठेवा आणि मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर टेकवा, म्हणजे उठताना आजी कुठे अडखळतात ते डॉक्टरांना दिसेल.