गरज किती आणि हाव कुठून: अनासक्तीच्या विचाराची पार्श्वभूमी

अनासक्ती म्हणजे इच्छा मारून टाकणे, अशी समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे. मात्र जुने ग्रंथ आणि भिक्षूंचे नियम जवळून पाहिले, तर इच्छेची निंदा करण्यापेक्षा गरजेची हद्द आखण्यातच या परंपरांनी अधिक कष्ट घेतलेले दिसतात. ती हद्द वस्तू मोजून आखायची की मन तपासून, आणि ती आखण्याचा अधिकार कोणाचा, यावरच त्यांच्यात खरे मतभेद झाले.

वेदकाळात काम, म्हणजे इच्छा, हा केवळ शत्रू नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त कामाला मनाचे पहिले बीज म्हणते आणि सृष्टीच्या आरंभीच त्याला स्थान देते. बृहदारण्यक उपनिषदात सूर बदलतो. आत्मा जाणणारे लोक पुत्र, वित्त आणि (स्वर्गादी) लोक यांच्या तिन्ही एषणांमधून, म्हणजे इच्छांमधून, वर उठून भिक्षाचर्येने राहतात, असे तिथे म्हटले आहे. एषणा सुटल्या तरी भूक उरते, हे भिक्षेच्या उल्लेखातच मान्य केलेले आहे. पुढच्या सगळ्या चर्चेचे मूळ याच ठिकाणी सापडते.

बुद्धाने दुःखाचे कारण तृष्णेत पाहिले आणि कामतृष्णा (भोगाची), भवतृष्णा (असण्याची) व विभवतृष्णा (नसण्याची) असे तिचे तीन प्रकार सांगितले. म्हणजे नाहीसे होण्याची ओढ हीसुद्धा तृष्णाच ठरली, आणि देहदंडाचा मार्ग त्यामुळे आपोआप संशयास्पद झाला. भिक्षूला चार गोष्टी लागतात, हे संघाने उघडपणे स्वीकारले: चीवर (भिक्षूचे वस्त्र), भिक्षान्न, निवारा आणि आजारपणातले औषध. मात्र प्रत्येकीला मर्यादा होती. जादा चीवर किंवा जादा पात्र दहा दिवसांपेक्षा अधिक काळ जवळ ठेवता येत नसे. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही औषधे सात दिवसच ठेवता येत. संघातल्याच देवदत्त या भिक्षूने आणखी कडक नियम सुचवले: सर्व भिक्षूंनी आयुष्यभर अरण्यातच राहावे, चिंध्यांचीच वस्त्रे नेसावीत, मासे व मांस वर्ज्य करावे. बुद्धाने ते सर्वांवर सक्तीचे करायला नकार दिला. ज्याला अरण्यात राहायचे असेल त्याने राहावे, एवढीच मोकळीक ठेवली.

या मर्यादा प्रत्यक्षात कशा चालत, याचा एक पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेला आहे. क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याने तिथे एक लेणे संघाला दान दिले आणि त्यासोबत 3000 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायमची ठेव ठेवली.  गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) 2000 कार्षापण शेकडा एक दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण शेकडा पाऊण दराने गुंतवले होते. मुद्दल परत घ्यायचे नव्हते. फक्त व्याज वापरायचे होते. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर एका जागी राहणाऱ्या, 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे होते. व्याज दरमहा धरले तर 2000 वर वर्षाला 240 होतात आणि 20 भिक्षूंना ते बरोबर पुरतात. भिक्षूने सोन्यारुप्याला हात लावू नये असा विनयाचा, म्हणजे संघाच्या आचारसंहितेचा, नियम असताना ही सोय नेमकी कशी बसवली असेल, हा प्रश्न पडतोच. तरी एका माणसाला वर्षाला कापड किती लागते, हे कोणीतरी बसून मोजले होते, यात शंका नाही.

जैन परंपरेने हाच प्रश्न अधिक टोकाला नेला. अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करणे, हे साधूच्या पाच महाव्रतांपैकी शेवटचे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांना मान्य असलेले तत्त्वार्थसूत्र परिग्रहाची व्याख्या 'मूर्च्छा' अशी करते: वस्तू जवळ असणे हा परिग्रह नसून तिच्यात मन अडकणे हा परिग्रह. व्याख्या एकच असूनही निष्कर्ष मात्र दोन निघाले. ममत्व नसेल तर साधूचे वस्त्र हा परिग्रह नव्हे, असे श्वेतांबर म्हणतात. वस्त्र राखले की त्याची काळजी आलीच, असे दिगंबरांचे उत्तर आहे.

गृहस्थाला मात्र जैनांनी संग्रहाची कमाल मर्यादा घालून दिली. उपासकदशा या आगमग्रंथातील आनंद श्रावक कोट्यधीश आहे, त्याच्याकडे प्रत्येकी दहा हजार गायींचे चार कळप आहेत. व्रत घेताना तो यातले काही टाकून देत नाही. यापुढे याहून अधिक नको, एवढेच ठरवतो. मग तपशिलात शिरतो आणि दात घासायला ज्येष्ठमधाची ओली काडी, तीच, इथवर मर्यादा बांधतो. आजच्या वाचकाला हे व्रत श्रीमंताच्या सोयीचे वाटू शकते, आणि ती शंका अगदीच चुकीची नाही. पण हाव पुढे वाढते ती 'आणखी' या टप्प्यावर, हे त्यातून नेमके ओळखलेले आहे.

गीतेने वाद वस्तूंवरून कर्माकडे वळवला. विषयांच्या चिंतनातून संग (आसक्ती), संगातून काम, कामातून क्रोध अशी साखळी दुसऱ्या अध्यायात येते. तरीही सातव्या अध्यायात, धर्माला विरोध न करणारा काम मी आहे, असे श्रीकृष्ण म्हणतात. सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने, आहार घ्यावा पण युक्तीच्या मापाने मोजून घ्यावा, या अर्थाने तो विचार मराठीत आणला. तुकोबांनी तो व्यवहाराला जोडला: 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥' दुष्काळानंतर त्यांनी सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांना ठाऊक असते. खतांची अर्धी वाटणी त्यांनी आधी भाऊ कान्होबाच्या हाती दिली, हा परंपरेने जपलेला भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. त्यांनी सोडला तो स्वतःचा हक्क; भावाच्या संसाराची गरज त्यांनी बुडवली नाही.

विसाव्या शतकात टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात संन्यासाऐवजी लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी, केलेले निष्काम कर्म पुढे ठेवले. गांधींनी अपरिग्रहाला आश्रमाच्या व्रतांत स्थान दिले आणि साधूचा नियम राजकीय कार्यकर्त्यालाही लागू केला. वस्तूंची मोजणीही थांबलेली नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी येथे 1976 पासून विपश्यनेची शिबिरे चालतात. तिथे संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि फळे मिळतात, आधी शिबिर केलेल्या जुन्या साधकांना फक्त लिंबूपाणी. प्रकृतीचे कारण असेल तर आचार्यांना विचारून त्यातून सूट घेता येते.