स्पंज-संगोपन, मत्स्यालयातील

सागरी स्पंज (संघ पोरिफेरा) घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात जगवण्याची पद्धत. सांगली-साताऱ्यात समुद्राचे पाणी मिळत नसल्याने आर.ओ. (रिव्हर्स ऑस्मोसिस यंत्राने शुद्ध केलेल्या) पाण्यात कृत्रिम समुद्री मीठ विरघळवून ते तयार करतात (क्षारता सुमारे ३५ भाग प्रतिसहस्र, तापमान २४–२६ से.).

स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळला. स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ च्या सुमारास स्पंजातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे प्रवाह निरखले आणि पारडे प्राण्याच्या बाजूला झुकले. पुढे मुंबईत काम करणारे ब्रिटिश शल्यचिकित्सक हेन्री कार्टर यांनी मुंबईच्या तलावांतील गोड्या पाण्याच्या स्पंजांचा अभ्यास केला. युनॅपियस कार्टेराय ही जाती त्यांच्याच नावाची. तलाव आटला की असे स्पंज जेम्यूल नावाच्या टणक कलिका मागे ठेवतात आणि पाणी आले की त्यांतून पुन्हा वाढतात. बहुतेक सागरी जातींना ही सोय नाही. त्यामुळे गोड्या पाण्यातील स्पंजांच्या चिवटपणावरून सागरी स्पंजाचा अंदाज बांधू नये.

मत्स्यालयात स्पंज बहुधा उपासमारीने मरतो. त्याचे अन्न म्हणजे मुख्यतः १० मायक्रॉनहून लहान कण, जीवाणू आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. पाणी नितळ राखण्यासाठी लावलेला प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर सेंद्रिय पदार्थ वेगळे करणारे उपकरण) यातलेच बरेचसे काढून घेतो. स्पंजाच्या शरीरातला साठा आधी संपत जातो आणि आकसणे आठवड्यांनंतर दिसते, म्हणून कारण ओळखू येत नाही.

सिलिकेटबद्दल (पाण्यात विरघळलेल्या सिलिकाबद्दल) मतभेद आहेत. दख्खनच्या बेसाल्टातून झिरपलेल्या पाण्यात ते मुबलक असते, काचेवर तपकिरी डायाटम (सूक्ष्म शैवाल) धरतात, म्हणून शौकीन ते आर.ओ.ने काढून टाकतात. मात्र बहुसंख्य स्पंजांच्या कंटिका (सांगाड्यातील सूक्ष्म काटे) सिलिकाच्याच असतात. काहींच्या मते मिठातील अंश पुरतो. दीर्घकाळ स्पंज वाढवायचा असेल, तर मोजून थोडे सिलिकेट देणे अधिक सयुक्तिक वाटते. स्नानाच्या स्पंजासारख्या, केवळ स्पाँजिन या तंतुमय प्रथिनाचा सांगाडा असलेल्या जातींना हे लागू नाही.

स्पंज हवेत काढू नये, हा नियम सरसकट सांगितला जातो. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवरच्या जाती थोडा वेळ हवा सोसतात, त्यामुळे तो सर्वांना सारखा लागू मानता येत नाही. विकत आणलेल्या स्पंजाची जात सहसा कळत नाही, म्हणून हा नियम पाळलेलाच बरा: स्पंजाच्या अंगातील पाण्याच्या मार्गिकांत हवा अडकली की तेवढ्या भागातून पाणी फिरत नाही व ऊती मरते. पिशवीतून टाकीत नेताना स्पंज भांड्यात पाण्याखालीच ठेवावा.

उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) बहुधा लागतोच. वीज गेल्यावर प्रवाह थांबतो व प्राणवायू घटतो. निदान एक पंप इन्व्हर्टरवर असावा.

पांढुरका, पारदर्शक होऊन विरघळू लागलेला भाग मृत समजावा. तो पाण्याखालीच धारदार पात्याने, निरोगी ऊतीचा थोडा काठ घेऊन कापतात. कुजणारा स्पंज पाणी बिघडवतो व काही जाती विषारी द्रव्ये सोडतात, म्हणून कापलेला तुकडा लगेच बाहेर काढून पाण्याचा काही भाग बदलतात.