कंपाउंड वॉल की रिटेनिंग वॉल? शेजाऱ्याशी भांडण्याआधी हे बघून घ्या

पावसाळा तोंडावर आला की मुलुंड, भांडुप, विक्रोळी पार्कसाईट, मालाडचं कुरार अशा डोंगरउताराच्या भागात सोसायट्यांमध्ये एक वाद हमखास निघतो, मधली भिंत कोणाची? वरची सोसायटी म्हणते कललीय तुमच्या बाजूला तर तुम्ही बघा, खालची म्हणते माती तुमची तर खर्चही तुमचाच. दोन्हीकडचे सेक्रेटरी तावातावाने बोलतात आणि ती भिंत कंपाउंड वॉल आहे की रिटेनिंग वॉल हे मात्र कोणीच तपासलेलं नसतं. मालकी नंतर बघू हो, आधी ती भिंत काम काय करतेय ते बघा, आणि जमिनीची लेव्हल कोणी बदलली ते शोधा. निम्मं भांडण तिथेच सुटतं.

कंपाउंड वॉल फक्त हद्द दाखवते. दोन्ही बाजूची जमीन साधारण एकाच लेव्हलला, नऊ इंची वीट नाहीतर ब्लॉक, मध्येमध्ये कॉलम, पाया उथळ. तिला स्वतःचं वजन आणि वारा एवढंच सोसायचं असतं. रिटेनिंग वॉलच्या एका बाजूला माती उंच असते आणि ती माती चोवीस तास भिंतीला ढकलत असते. म्हणून ती आरसीसीची असेल तर तिचा पाया मातीच्या बाजूला लांब आत गेलेला असतो, त्या पायावर मातीचंच वजन बसतं आणि भिंत उलटत नाही. दगडी असेल तर खाली चांगली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली दिसेल.

आता हा धक्का किती असतो? २ मीटर उंचीची साधी, कोरडी माती असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण सव्वा टन. त्याच मातीत पाणी वरपर्यंत भरलं की अडीच टनाच्या वर, कारण मातीच्या जोडीला पाण्याचा स्वतःचा दाब येतो. आणि उंची दुप्पट झाली की धक्का दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून "आधीच्या भिंतीवरच चार थर चढवू आणि मागे भराव टाकू" असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालं तर तिथेच थांबवा, प्लीज.

त्या पाण्याला वाट म्हणून रिटेनिंग वॉलमध्ये वीप होल ठेवतात, तीन-चार इंची पाईपची भोकं, मागे खडीचा थर. भांडुपला एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी ही भोकं सिमेंटने बुजवलेली बघितली, का तर पावसात तिथून गढूळ पाणी स्कूटर्सवर पडायचं. वरती भिंतीला पोट आलं होतं आणि बुजवलेल्या भोकांच्या कडेने ओल झिरपून हिरवं शेवाळ धरलं होतं. खालच्यांनी आपल्याच डोक्यावर पाणी कोंडून ठेवलं होतं आणि भांडत होते वरच्यांशी. त्या पाण्यासाठी खाली गटार करायचं असतं, भोक बंद करायचं नसतं. फक्त भोकातून माती वाहून यायला लागली तर मागचा खडीचा थर कामातून गेलाय असं समजा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला लगेच बोलवा.

सगळ्यात धोकादायक भिंत असते ती कंपाउंड वॉल म्हणून बांधलेली आणि हळूहळू रिटेनिंग वॉलचं काम करायला लागलेली. वरच्या बाजूला आधी बागेसाठी माती पडते, मग कोणाच्या तरी फ्लॅटच्या रिनोव्हेशनचं डेब्रिज, मग पेव्हर ब्लॉक टाकताना लेव्हल अजून फूटभर वर, आणि नऊ इंची विटेवर पाच फूट माती कधी आली कोणालाच कळत नाही. २ जुलै २०१९ ला मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची कंपाउंड वॉल मध्यरात्री वस्तीवर कोसळली आणि तीसच्या वर माणसं गेली. ती भिंत जुनी नव्हती, काही वर्षांपूर्वीच बांधलेली होती, मागे पावसाचं पाणी तुंबलं होतं. त्यामुळे "आमची भिंत नवीन आहे" यावर निवांत राहू नका.

आता जबाबदारी. १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टच्या (म्हणजे शेजारच्या जमिनीसंबंधीच्या हक्कांच्या कायद्याच्या) कलम ७ मध्ये हे उदाहरण देऊन सांगितलंय, की तुमच्या जमिनीला तिच्या नैसर्गिक अवस्थेत शेजारच्या जमिनीचा जो आधार मिळतो तो मिळत राहणं हा तुमचा हक्क आहे. म्हणजे खालच्याने पार्किंगसाठी उतार कापला आणि वरची जमीन घसरायला लागली तर आधार काढला खालच्याने, भिंतही त्यानेच बांधायची, जरी माती वरच्याची असली तरी. २५ जून २०१८ ला वडाळ्याच्या लॉईड्स इस्टेटमध्ये शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्याकडे जमीन खचली, कंपाउंड वॉल गेली आणि पार्क केलेल्या गाड्या खाली गेल्या, तो अशाच कापलेल्या बाजूचा प्रकार.

उलट वरच्याने भराव टाकून प्लॉट सपाट केला असेल तर ती अवस्था नैसर्गिक राहत नाही, भराव ज्याचा त्यानेच तो धरून ठेवायचा. वर बिल्डिंगचं वजन असेल तर आधाराचा हक्क आपोआप मिळत नाही, कलम १५ प्रमाणे २० वर्षं विनाअडथळा तो आधार घेतलेला असावा लागतो. पाण्याचं पण तसंच, वरून आपसूक उतरणारं पावसाचं पाणी खालच्याला येऊ द्यावं लागतं, पण गच्चीचं पाणी पाईपने गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीमागे सोडलं तर तो हक्क नव्हे.

म्हणून कापलं की भरलं हे आधी सिद्ध करा. बिल्डिंगचा मंजूर प्लॅन काढा, त्यात लेव्हल्स असतात, जुने फोटो शोधा, आणि सिटी सर्व्हेकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. भिंत धोकादायक दिसत असेल तर यातल्या कशाचीही वाट न बघता पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या, मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली मालकाला किंवा राहणाऱ्याला दुरुस्तीची किंवा पाडण्याची नोटीस निघू शकते, आणि भर पावसात भिंत हलताना दिसली तर खालची घरं रिकामी करून पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइन नंबरवर फोन. हद्दीचा निकाल त्या नोटिशीने लागत नाही, तो दिवाणी कोर्टात किंवा आपसात.

आपसात मिटत असेल तर उत्तमच, पण सगळं कागदावर घ्या: खर्चाची वाटणी, वीप होलचं पाणी कुठल्या गटारात जाणार, दुरुस्तीसाठी कोणी कोणाच्या आवारात यायचं. आणि पाया कुठल्या प्लॉटमध्ये येतोय ते ड्रॉइंगवर बघूनच सही करा, कारण भिंत हद्दीवर दिसली तरी पाया जमिनीखालून सहा-सात फूट शेजाऱ्याच्या आवारात गेलेला असू शकतो, आणि उद्या रिडेव्हलपमेंटला त्याने तिथे खोदलं की नवीन भिंतसुद्धा जाईल.