बांगलादेशात भाषेचा लढा आणि चक्रीवादळ एकाच गोष्टीत का येतात, थोडी पार्श्वभूमी

राजकारण सोडलं तर बांगलादेशची आठवण आपल्याकडे दोनदाच निघते, २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन म्हणून आणि बंगालच्या उपसागरात वादळ उठलं म्हणून. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही असंच वाटतं. पण त्या देशाचा इतिहास वाचला की कळतं, दोन्हीकडे दुखणं एकच होतं, राज्य करणारे दीड हजार किलोमीटर लांब पश्चिम पाकिस्तानात बसलेले आणि इथल्या माणसाचं ऐकून घ्यायची त्यांची तयारी नाही.

आजचा बांगलादेश फाळणीनंतर पाकिस्तानचा पूर्व भाग होता, आणि अख्ख्या पाकिस्तानात निम्म्याहून जास्त लोकांची भाषा बंगाली होती. तरी फेब्रुवारी १९४८ मध्ये कोमिल्लाच्या धीरेंद्रनाथ दत्तांनी संविधान सभेत बंगालीही चालू द्या एवढंच मागितलं तर ते फेटाळलं गेलं. मार्चमध्ये जिनांनी ढाक्यात येऊन जाहीर सभेत सांगितलं, राष्ट्रभाषा उर्दू आणि फक्त उर्दू. जानेवारी १९५२ मध्ये पंतप्रधान नाझिमुद्दीन यांनी पुन्हा तेच म्हटलं, आणि नाझिमुद्दीन स्वतः ढाक्याचे होते, त्यामुळे ते जास्त लागलं.

२१ फेब्रुवारी १९५२ ला १४४ कलम मोडून विद्यार्थी बाहेर पडले आणि मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलपाशी गोळीबार झाला. त्यात मेलेला बरकत एमएचा विद्यार्थी होता, पण मेलेले सगळे विद्यार्थी नव्हते बरं का, जब्बार सासूच्या उपचारासाठी गावाहून ढाक्याला आला होता, दुसऱ्या दिवशी गोळी लागलेला शफीउर हायकोर्टात नोकरीला होता. म्हणजे ही नुसती कॉलेजच्या पोरांची चळवळ कधीच नव्हती. मेडिकलच्या मुलांनी २३ तारखेच्या रात्री हॉस्पिटलच्या बांधकामासाठी आणून ठेवलेल्या विटा आणि सिमेंट वापरून रातोरात शहीद मिनार, म्हणजे मेलेल्यांचं स्मारक, उभा केला, पोलिसांनी तो २६ ला पाडला. पुढे १९५६ च्या संविधानात बंगालीला मान्यता मिळाली, १९६३ मध्ये नव्या मिनाराचं उद्घाटन बरकतच्या आईच्या हातून झालं, मार्च १९७१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला पाकिस्तानी लष्करानं तोही उडवला. त्याच मार्चमध्ये सैनिकांनी म्हाताऱ्या धीरेंद्रनाथांना घरातून उचललं, ते परत आलेच नाहीत. आजही लोक पहाटे अनवाणी फुलं घेऊन मिनारावर जातात आणि १९९९ मध्ये युनेस्कोनं हा दिवस जगाचा केला, हे बहुतेकांना माहीत असतं.

आता वादळाकडे येऊ. उपसागराचं वरचं टोक उथळ आणि निमुळतं आहे, त्यामुळे वाऱ्यानं ढकललेलं पाणी तिथे कोंडून उंच चढतं, आणि समोर मेघना नदीच्या मुखाशी गाळाची सपाट बेटं, चढून जायला टेकडीसुद्धा नाही. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भरतीच्या वेळीच भोला, मनपुरा, हातिया या बेटांच्या भागावर वादळ आलं, पाणी वीस फूट आणि काही ठिकाणी त्याहूनही वर. मृतांचा आकडा तीन ते पाच लाख धरतात. भोला बेटावरच्या एकट्या तजुमुद्दीन भागात १ लाख ६७ हजार वस्तीतली ४५ टक्के माणसं गेली. नंतर पाहणी करणाऱ्या डॉक्टरांना वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांच्या आतल्या बाजूला आणि मांड्यांवर सोलवटलेल्या जखमा दिसल्या, रात्रभर झाडाला मिठी मारून राहिल्याच्या. ज्यांच्या हातात तेवढा जोर नव्हता, लहान मुलं आणि म्हातारी माणसं, तीच जास्त वाहून गेली. हे वाचलं तेव्हा मला पुढे वाचवेना.

राष्ट्राध्यक्ष याह्या खान चीनहून परतताना विमानातून पाहणी करून निघून गेले. मदत इतकी संथ आली की पूर्वेतले शेतकऱ्यांचे नेते मौलाना भाशानी बेटांवरून फिरून आले आणि ढाक्याच्या पलटण मैदानात उघड संतापले. महिनाभरात निवडणूक झाली (वादळग्रस्त भागात जानेवारीत घ्यावी लागली) आणि शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीग पक्षाला पूर्वेतल्या १६२ पैकी १६० जागा मिळाल्या. फक्त वादळामुळे मिळाल्या असं कोणी म्हणू नये, स्वायत्ततेची मागणी आधीपासून होती, पण प्रेतं पडून राहिलेली ज्यांनी पाहिली त्यांना आणखी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाल्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. १९७० मध्ये रेडिओवर इशारा दिला गेला होता, तो पुरला नाही, लोक घर सोडून निघालेच नाहीत. म्हणून १९७२ मध्ये रेड क्रॉसबरोबर गावागावात स्वयंसेवक तयार करायला घेतले, वादळाच्या धोक्याचा सिग्नल वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे लावायचे, मेगाफोन आणि हातानं फिरवायचा सायरन घेऊन दारोदार जायचं. गुरांना सोडून लोक हलत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी मातीचे उंचवटे बांधले. तरी एप्रिल १९९१ च्या वादळात १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यात बायका फार, कारण पोरं सांभाळायची, साडीत पोहता येत नाही, आणि अनोळखी पुरुषांच्या गर्दीत शेल्टरमध्ये जायला संकोच. तिथून पुढे शेल्टर वाढवले, बरेचसे खांबांवर बांधलेल्या शाळाच, आणि आता ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या बायका आहेत. २००७ च्या सिद्र वादळात साधारण साडेतीन हजार गेले, २०२० च्या अम्फानला वीस लाखांवर लोक कोरोनाच्या काळात हलवले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. अम्फाननंतर दोनच आठवड्यांनी आपल्या कोकणात आलेल्या वादळाचं निसर्ग हे नाव पण बांगलादेशनंच सुचवलेलं.

जीव वाचतो, पण शेत वाचत नाही ही आजची अडचण आहे. २००९ च्या आयला वादळानं नैऋत्येच्या खुलना, सातखीरा जिल्ह्यांकडचे बांध फोडले, खारं पाणी कितीतरी महिने तसंच राहिलं, भात होईना, प्यायला गोडं पाणी लांबून आणावं लागायचं, आणि कित्येक कुटुंबं कामासाठी खुलना आणि ढाक्याच्या वस्त्यांत जाऊन राहिली.