रिडील-वॉकर गुणांक

काळ्या फिनाइलच्या बाटलीवर बारीक अक्षरात 'आर.डब्ल्यू.सी.' आणि पुढे एक आकडा छापलेला आढळतो. हाच रिडील-वॉकर गुणांक. फिनॉल (कार्बोलिक ॲसिड) या जुन्या जंतुनाशकाच्या तुलनेत ते द्रव किती पट पातळ केले तरी तेवढ्याच वेळात जंतू मारते, हे तो सांगतो. सॅम्युएल रिडील आणि जे. टी. एन्सली वॉकर यांनी १९०३ साली ही पद्धत मांडली. फिनाइलच्या भारतीय मानकातही (आयएस १०६१) हाच गुणांक धरतात.

चाचणीसाठी टायफॉइडच्या जंतूंचे २४ तास वाढवलेले ब्रॉथ (जंतू वाढवायचे पोषक द्रव) लागते, त्यामुळे ही घरी करून पाहण्याची गोष्ट नव्हे. पाच नळ्यांत प्रत्येकी ५ मिली द्रावण घेतात: चारांत नमुना वेगवेगळ्या प्रमाणात पातळ केलेला, पाचवीत फिनॉल. तापमान १७ ते १८ अंश सेल्सिअस. दर अर्ध्या मिनिटाला एकेका नळीत ०.२ मिली जंतू सोडतात. पाचवी नळी झाली की अर्ध्या मिनिटात पहिलीची अडीच मिनिटे भरतात. लगेच तिच्यातला थेंब तारेच्या लूपने उचलून ताज्या ब्रॉथमध्ये टाकायचा, मग दुसरीतला. अशा चार फेऱ्या होतात आणि हाताला उसंत मिळत नाही. ब्रॉथच्या २० नळ्या ३७ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवतात. गढूळ झालेल्या नळीत जंतू जिवंत राहिले. ५ मिनिटांना गढूळ, ७.५ मिनिटांना स्वच्छ, असा निकाल फिनॉलने १:१०० ला आणि फिनाइलने १:५०० ला दिला, तर गुणांक ५.

लूप उचलताना नळीच्या वरच्या कडेला लागला, तर द्रावणाचा स्पर्शही न झालेले जंतू सोबत येतात आणि चांगले फिनाइल नापास होते. उलट चूकही घडते: लूपबरोबर औषधाचा अंश ब्रॉथमध्ये गेला, तर जंतू न मरता नुसते वाढायचे थांबतात आणि नळी स्वच्छ दिसते. बेंझाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाच्या बाबतीत हे हमखास होते, म्हणून तेथे ब्रॉथमध्ये त्याचा असर मारणारे लेसिथिन आणि ट्वीन ८० घालतात. क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट.

या गुणांकाची मोठी उणीव म्हणजे चाचणीत घाण नसते. १९०८ मध्ये हॅरिएट चिक आणि चार्ल्स मार्टिन यांनी सेंद्रिय मळ मिसळून अर्ध्या तासाची चाचणी सुचवली, ती मोरीच्या वास्तवाला अधिक जवळची. शिवाय टायफॉइडच्या जंतूवर जोरकस असलेले पाइन तेल स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जंतूवर दुबळे ठरते. म्हणून आता जंतूंची संख्या किती घटली ते मोजतात. '९९.९ टक्के' म्हणजे हजारात एक उरला. १० कोटींतून १ लाख उरले. युरोपीय मानक ईएन १२७६ मध्ये लाखात एकाहून अधिक उरून चालत नाही.

घरी ध्यानात ठेवायचे ते पाण्याचे प्रमाण. फिनॉलची तीव्रता निम्मी केली की जंतू मरायला सुमारे ६४ पट वेळ लागतो. क्लोरीनला जेमतेम दुप्पट. फिनाइल पाण्यात पडताच पांढरेशुभ्र होते, पण त्या दुधाळ रंगावरून त्याचा जोर कळत नाही. झाकणाने मापूनच ओतावे.